आपल्याला आलेला कूटबद्ध संदेश आपल्याच संगणकावर कसा उघडावा

ईमेल उघडावी आणि आत ओळखीचा एकही शब्द नसावा, असा अनुभव ज्यांना पहिल्यांदाच आला आहे किंवा लवकरच येणार आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. वर पाच-पाच आडव्या रेघांच्या मध्ये रोमन लिपीत ‘बिगिन पीजीपी मेसेज’ अशी ओळ असते, खाली अक्षरे, आकडे, अधिकचिन्हे आणि तिरप्या रेघा यांचा गठ्ठा असतो आणि शेवटी ‘एंड पीजीपी मेसेज’ असे लिहिलेले असते. पाठवणारा कोणी परदेशी विद्यापीठातला सहकारी असेल, तुमच्या संस्थेच्या संकेतस्थळातली त्रुटी कळवणारा संशोधक असेल किंवा बातमीमागची कागदपत्रे देऊ इच्छिणारा माणूस असेल. पुढची कृती सगळ्यांसाठी एकच आहे.

अशा वेळी हात आपोआप शोधयंत्राकडे जातो, आणि ‘संदेश येथे चिकटवा, किल्ली येथे चिकटवा, बटण दाबा’ असे सांगणारी पाने तत्काळ समोर येतात. त्यांतली काही पाने उकल खरोखर तुमच्याच ब्राउझरमध्ये करत असतीलही; पण ती तसेच करतात की किल्ली गुपचूप दुसरीकडे पाठवतात, हे सामान्य वापरकर्त्याला तपासता येत नाही, कारण पानातला प्रोग्राम दर भेटीत सर्व्हरवरून नव्याने येतो आणि काल प्रामाणिक असलेले पान आज बदललेले असू शकते. खासगी किल्ली, म्हणजे तुम्हाला आलेले संदेश उघडणारी गुप्त फाईल, एकदा अशा पानात चिकटवली की त्या एका संदेशाचीच नव्हे, तर त्या किल्लीसाठी आजवर आलेल्या सगळ्या संदेशांची गोपनीयता गेली असे धरून चालावे लागते. म्हणून खासगी किल्ली आणि उकललेला मजकूर या दोन गोष्टी आपल्या संगणकाबाहेर जाऊ द्यायच्या नाहीत, हा नियम पुढच्या प्रत्येक पायरीत पाळायचा आहे. त्यासाठी लागणारे सगळे साहित्य मोफत मिळते आणि एकदा बसवले की इंटरनेट बंद असतानाही चालते.

येथे विचार केला आहे तो केवळ ओपनपीजीपी या पद्धतीचा. व्हॉट्सअ‍ॅप किंवा सिग्नल यांचे संदेशही कूटबद्ध असतात, परंतु तेथे किल्ल्या अ‍ॅपच सांभाळते आणि उकलही तेच करते, त्यामुळे वापरकर्त्याला वेगळे काही करावे लागत नाही. ईमेलसोबत ‘एसमाइम डॉट पी७एम’ नावाची जोडफाईल आली असेल तर ती एस-माइम या दुसऱ्या पद्धतीची आहे आणि तिला वेगळे प्रमाणपत्र लागते. दुसऱ्याच्या नावे आलेला संदेश फोडणे हा या लेखाचा विषय नाही, आणि योग्य रीतीने कूटबद्ध केलेला संदेश किल्लीशिवाय फोडता येतही नाही. तसे करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहावे.

किल्ल्यांची जोडी म्हणजे काय

देवळातली दानपेटी डोळ्यांसमोर आणली की ही पद्धत समजायला सोपी जाते. पेटीच्या फटीतून कोणीही नोट आत टाकू शकतो, पण टाकलेली नोट टाकणाऱ्यालाही परत काढता येत नाही. पेटी उघडते ती विश्वस्तांकडच्या किल्लीनेच. ओपनपीजीपीमध्ये तुमच्याकडे दोन किल्ल्यांची जोडी असते. सार्वजनिक किल्ली म्हणजे ती फट: ती जगाला वाटून टाकली तरी बिघडत नाही, उलट ती वाटल्याशिवाय तुम्हाला कोणी संदेश पाठवूच शकत नाही. खासगी किल्ली मात्र तुमच्याच संगणकावर, पासफ्रेजच्या म्हणजे अनेक शब्दांच्या लांब पासवर्डच्या आड राहते आणि उकल करण्याचे काम तिचे असते.

प्रत्यक्षात आणखी एक टप्पा मध्ये असतो, आणि तो माहीत असला की पुढे येणाऱ्या चुकांचे अर्थ लागतात. पाठवणाऱ्याचा संगणक प्रत्येक संदेशासाठी एक ताजी, एकदाच वापरायची किल्ली तयार करतो, संपूर्ण मजकूर तिने बंद करतो, आणि फक्त ती छोटी किल्ली तुमच्या सार्वजनिक किल्लीने बंद करून संदेशाच्या आरंभी ठेवतो. संदेश चौघांना पाठवला असेल तर मजकूर एकच असतो आणि ती छोटी किल्ली चार वेगवेगळ्या कुलपांत चारदा ठेवलेली असते. तुमच्यासाठी तसे कुलूप घातलेलेच नसेल, तर जगातला कोणताही प्रोग्राम तुम्हाला तो संदेश उघडून देऊ शकत नाही.

फिल झिमरमन या अमेरिकी प्रोग्रामरने १९९१ मध्ये पीजीपी हा कूटलेखनाचा प्रोग्राम प्रसिद्ध केला, तेव्हा असे कूटलेखन तेथील निर्यात नियमांत शस्त्रास्त्रांच्या यादीत मोडत असे; त्यांच्यावरील फौजदारी चौकशी १९९६ च्या आरंभी आरोपपत्राविना बंद झाली. पुढे या पद्धतीचे ओपनपीजीपी नावाचे खुले मानक झाले, आणि व्हेर्नर कोख या जर्मन प्रोग्रामरने त्यावर आधारलेल्या जीएनयूपीजी या मुक्त प्रोग्रामची पहिली पक्की आवृत्ती १९९९ मध्ये दिली. आपण वापरणार आहोत तो हाच प्रोग्राम, आणि त्याच्यासाठी बटणे व खिडक्या पुरवणारा क्लिओपात्रा.

साहित्य बसवणे

विंडोज वापरणाऱ्यांनी ‘जीपीजी४विन’ हा संच त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावा. तेथे देणगीचे पान आधी येते आणि अनेक जण प्रोग्राम विकतचा आहे असे समजून परत फिरतात. शून्य रकमेचा पर्याय निवडला की डाउनलोड सुरू होते. उतरलेल्या फाईलवर उजवी टिचकी देऊन ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हे पान पाहावे. तेथे सही दिसत नसेल किंवा ती अवैध आहे असे लिहिलेले असेल तर फाईल चालवू नये. बसवताना क्लिओपात्रा निवडलेले असावे. आउटलुकसाठीचा जोडभाग या घडीला नको, त्याचे कारण पुढे येईल.

लिनक्सच्या बहुतेक प्रकारांत जीएनयूपीजी आधीपासूनच असते आणि क्लिओपात्रा वितरणाच्या सॉफ्टवेअर भांडारातून घेता येते. मॅकसाठी ‘जीपीजी सूट’ हा संच आहे. त्यातला किल्ल्या सांभाळणारा भाग मोफत आहे, अ‍ॅपल मेलसाठीच्या जोडभागाला पैसे पडतात. खालील वर्णन क्लिओपात्राचे आहे, परंतु कृतीचा क्रम सर्वत्र तोच राहतो.

संगणक कोणता, हाही प्रश्न येथेच सोडवावा. सायबर कॅफेतला, कार्यालयाच्या देखरेखीखालचा किंवा ज्यावर दुरून संगणक हाताळू देणारे अ‍ॅप कोणाच्या सांगण्यावरून बसवले आहे असा संगणक या कामाला चालणार नाही, कारण दाबलेली प्रत्येक कळ आणि पडद्यावरचा प्रत्येक शब्द तेथे दुसऱ्याला दिसू शकतो आणि त्यापुढे कूटलेखनाचा उपयोग उरत नाही.

किल्ली तयार करणे, किंवा जुनी आणणे

तुमची किल्ली आधीच असेल, म्हणजे जुन्या संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवर खासगी किल्लीची फाईल असेल, तर क्लिओपात्रातील ‘इम्पोर्ट’ बटणाने ती आत घ्यावी. ही किल्ली तुमचीच आहे का, असे प्रोग्राम विचारतो. ती खरोखर तुमची असेल तरच होय म्हणावे. नावाच्या ओळीतील अक्षरे ठळक दिसली की खासगी भागही आत आला असे समजावे. नुसती सार्वजनिक किल्ली असली तर ओळ साध्या अक्षरांत दिसते. क्लिओपात्रा किल्लीला जागोजागी ‘सर्टिफिकेट’ म्हणते, याने नवख्या माणसाचा गोंधळ होतो. दोन्ही शब्दांचा अर्थ येथे एकच घ्यावा.

किल्ली नसेल तर ‘न्यू की पेअर’ निवडून नाव आणि ईमेल भरावी. किल्लीचा प्रकार आणि लांबी यांबाबत प्रोग्रामने सुचवलेलेच राहू द्यावे. या बाबतीत स्वतःची अक्कल चालवण्याने फायदा झाल्याचे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. पासफ्रेजने किल्ली संरक्षित करण्याची चौकट मात्र भरलेली आहे ना, हे आवर्जून पाहावे. ती रिकामी राहिली तर किल्ली पासफ्रेजशिवाय तयार होते आणि ज्याच्या हाती फाईल लागेल त्याला ती वापरता येते.

पासफ्रेज म्हणून पाठ असलेला अभंग, आरतीची ओळ, म्हण किंवा मुलांची नावे घेऊ नयेत, कारण जे आपल्याला सहज आठवते ते अंदाज बांधणाऱ्यालाही सहज सुचते. एकमेकांशी काहीही संबंध नसलेले सहा-सात शब्द फासे टाकून निवडणे ही जुनी आणि भरवशाची रीत आहे. पाच फाशांच्या एका टाकीतून ७,७७६ शब्दांच्या यादीतला एक शब्द मिळतो, आणि असे सहा शब्द घेतले की शक्यतांची संख्या अंदाज बांधण्याच्या पलीकडे जाते. शब्द मराठी असले तर उत्तमच, मात्र ते रोमन अक्षरांत लिहावेत. देवनागरी टंकन चालू नसलेल्या दुसऱ्या संगणकावर किल्ली वापरायची वेळ आली की देवनागरी पासफ्रेज टाइपच करता येत नाही, आणि पासफ्रेजच्या चौकटीत अक्षरांऐवजी ठिपके दिसत असल्यामुळे चूक कोठे होते आहे हेही कळत नाही.

किल्ली तयार झाल्यावर लगेच, त्याच बैठकीत, तिची प्रत काढावी. ओळीवर उजवी टिचकी देऊन ‘बॅकअप सीक्रेट कीज’ निवडले की एक फाईल मिळते. ती दोन पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि ते दोन वेगळ्या जागी ठेवावेत. ही फाईल स्वतःला ईमेलने पाठवू नये आणि गूगल ड्राइव्हसारख्या साठ्यातही टाकू नये. मी स्वतः हे एकदा उद्यावर ढकलले होते. लॅपटॉप मंद चालतो म्हणून तो साफ करून घेतला, दस्तऐवज आणि छायाचित्रे आठवणीने बाजूला काढली, आणि किल्ल्यांचा फोल्डर लपवलेला असतो हे लक्षातच आले नाही. दोन वर्षांचा पत्रव्यवहार आजही माझ्या टपालपेटीत आहे आणि त्यातले एक अक्षरही मला वाचता येत नाही.

किल्लीची मुदत प्रोग्राम आपणहून घालतो, ती काही वर्षांची असते आणि पुढे वाढवता येते. मुदत संपली तरी जुने संदेश उघडतात. इतरांना त्या किल्लीवर नवे पाठवता येत नाहीत, एवढेच. तेव्हा मुदत संपलेली किल्ली अडगळ समजून पुसू नये.

आता ‘एक्सपोर्ट’ने सार्वजनिक किल्लीची फाईल काढून ती पाठवणाऱ्याला द्यावी. तिच्यासोबत ४० चिन्हांचा फिंगरप्रिंट, म्हणजे त्या किल्लीची ओळख पटवणारा क्रमांक, असतो. तो फोनवर एकमेकांना वाचून दाखवावा, म्हणजे मध्येच कोणी आपली किल्ली बदलून दुसरीच घुसवली नाही याची खात्री पटते. चाळीस चिन्हे वाचून दाखवणे हास्यास्पद वाटते, पण दोन मिनिटांचे काम आहे.

ही सगळी तयारी संदेश येण्यापूर्वी झालेली बरी. डिसेंबर २०१२ मध्ये, पुढे अमेरिकी सरकारची गुप्त कागदपत्रे उघड करणारे एडवर्ड स्नोडेन यांनी पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्ड यांना टोपणनावाने लिहून पीजीपी बसवून घ्यायला सांगितले होते. ग्रीनवाल्ड यांनी ते किचकट वाटून लांबणीवर टाकले, आणि स्नोडेन यांना कूटलेखन येणाऱ्या चित्रपटकार लॉरा पॉइट्रस यांच्याकडे वळावे लागले.

सराव, तोही वाय-फाय बंद करून

खऱ्या संदेशाला हात लावण्याआधी एक फेरी स्वतःशीच करून पाहावी. संगणकाचे इंटरनेट बंद करावे. क्लिओपात्रातील ‘नोटपॅड’ हे पान उघडावे, एक-दोन वाक्ये लिहावीत, शेजारच्या ‘रेसिपियंट्स’ पानात ‘एन्क्रिप्ट फॉर मी’समोर आपली किल्ली निवडावी आणि कूटबद्ध करण्याचे बटण दाबावे. लिहिलेल्या वाक्यांच्या जागी तोच अगम्य गठ्ठा दिसेल. मग ‘डिक्रिप्ट/व्हेरिफाय’चे बटण दाबावे, पासफ्रेज द्यावी, आणि वाक्ये परत येतील. सगळे काम आपल्याच यंत्रात होते हे इंटरनेट बंद ठेवल्यामुळे डोळ्यांना दिसते. किल्ली नुकतीच वापरली असेल तर पासफ्रेज पुन्हा विचारली जाणार नाही, कारण जीएनयूपीजी ती काही मिनिटे स्मृतीत धरून ठेवते. म्हणून काम झाल्यावर संगणक उघडा टाकून चहाला जाऊ नये.

खऱ्या संदेशासाठीही याच नोटपॅडचा वापर करावा असे माझे मत आहे. ईमेलमधला पूर्ण गठ्ठा, आरंभीच्या पाच रेघांपासून शेवटच्या पाच रेघांपर्यंत, नक्कल करून नोटपॅडमध्ये चिकटवावा आणि उकलावा. मजकूर खिडकीतच दिसतो, आणि आपण होऊन जतन केला नाही तर त्याची फाईल होत नाही. मजकुराच्या वर हिरव्या पट्टीत सही वैध असल्याचे लिहिलेले असेल तर पाठवणाऱ्याने त्यावर आपल्या खासगी किल्लीने डिजिटल सही केलेली आहे. सही नसेल तर संदेश गुप्त आहे, पण तो कोणाकडून आला याची हमी नाही, कारण दानपेटीत नोट कोणीही टाकू शकतो.

संदेश जोडफाईल म्हणून आला असेल, म्हणजे फाईलच्या नावाशेवटी जीपीजी, पीजीपी किंवा एएससी असेल, तर ती आधी डिस्कवर जतन करून क्लिओपात्राच्या ‘डिक्रिप्ट/व्हेरिफाय’ने उघडावी. उकललेली फाईल कोठे ठेवायची ते प्रोग्राम त्या वेळी दाखवतो. ती जागा डोळे मिटून मान्य करू नये.

उकल होत नाही तेव्हा

‘नो सीक्रेट की’ हा निरोप सर्वांत जास्त वेळा दिसतो. याचा अर्थ पासफ्रेज चुकली असा नाही. संदेश ज्या किल्लीसाठी बंद केला आहे तिचा खासगी भाग या संगणकावर नाही, असा आहे. तुमच्या दोन किल्ल्या असतील आणि पाठवणाऱ्याने इंटरनेटवरच्या एखाद्या किल्लीसाठ्यातून तुमची जुनी, हरवलेली किल्ली उचलली असेल, तर हेच घडते. निरोपासोबत दिसणारा किल्लीचा क्रमांक आपल्या किल्लीशी ताडून पाहावा आणि वेगळा असल्यास पाठवणाऱ्याला नवी सार्वजनिक किल्ली देऊन संदेश पुन्हा मागवावा. स्वतः पाठवलेला जुना संदेश उघडत नसेल तर त्याचे कारण बहुधा हे असते की पाठवताना तो केवळ समोरच्यासाठी बंद केला आणि स्वतःसाठी केला नाही.

‘बॅड पासफ्रेज’ दिसल्यास कॅप्स लॉक आणि टंकनाची भाषा पाहावी. मराठी टंकन चालू राहिल्यामुळे अडलेले लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. पासफ्रेज खरोखरच विसरली असेल तर ती परत मिळवून देणारे कार्यालय नाही.

ओपनपीजीपीचा मजकूर सापडत नाही, अशी तक्रार प्रोग्रामने केली तर दोष बहुधा नक्कल करण्यात असतो. संदेश मध्ये कोणी वर्डमध्ये किंवा फोनवरच्या एखाद्या अ‍ॅपमध्ये चिकटवला की पाच छोट्या रेघांच्या जागी आपोआप लांब रेघा येतात, किंवा पहिल्या ओळीखालची मोकळी ओळ नाहीशी होते. ती मोकळी ओळ शोभेची नाही. गठ्ठा कोठे सुरू होतो ते प्रोग्राम तिच्यावरून ओळखतो. रेघा हाताने मोजून पाचच्या पाच कराव्यात, ओळ मोकळी सोडावी, आणि तरीही जमले नाही तर संदेश जोडफाईल म्हणून मागवावा.

संदेश अगदी नव्या प्रोग्रामने तयार केलेला असेल तर आणखी एक अडचण येऊ शकते. ओपनपीजीपीचे मानक २०२४ मध्ये नव्याने लिहिले गेले, परंतु जीएनयूपीजीने त्याऐवजी लिब्रपीजीपी या वेगळ्या मसुद्याची वाट धरली, त्यामुळे नव्या पद्धतीच्या किल्ल्या त्याला समजत नाहीत. तुमची किल्ली जीएनयूपीजीने तयार केली असेल तर सहसा हा प्रश्न येत नाही. आलाच तर पाठवणाऱ्याला जुन्या, सर्वमान्य पद्धतीने पाठवण्याची विनंती करावी.

संदेश अखंड असल्याची खात्री देता येत नाही, असा इशारा आला तर मात्र थांबावे. मजकूर वाटेत बदलला गेला असल्यास ओळखू यावे म्हणून संदेशात एक तपासणीची खूण असते, आणि ती नसलेला किंवा न जुळणारा संदेश, त्यातील अर्धामुर्धा मजकूर वाचता येत असला तरी, खरा मानू नये.

मराठी वाचकाला भेडसावणारी एक अडचण इंग्रजी मार्गदर्शकांत सापडत नाही. संदेश व्यवस्थित उकलतो, सही वैध दिसते, आणि तरीही समोर निरर्थक रोमन अक्षरे आणि चिन्हे येतात. अशा वेळी किल्लीवर संशय घेऊ नये. पाठवणाऱ्याने मजकूर युनिकोडमध्ये न लिहिता श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये लिहिलेला असतो, आणि त्या फाँटमध्ये देवनागरी ही रोमन अक्षरांच्या जागी काढलेली चित्रे असतात. तो फाँट आपल्या संगणकावर बसवावा किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, पण बदलून देणाऱ्या ऑनलाइन पानात गुप्त मजकूर चिकटवू नये. सुरुवातीला टाळलेली चूक येथे मागच्या दाराने परत येते. संगणकावर चालणारे परिवर्तक मिळतात, तेच वापरावेत.

उघडलेला मजकूर कोठे कोठे उरतो

उकल करणे हा या कामाचा सोपा भाग आहे. कूटबद्ध संदेश कोणाच्या हाती लागला तरी हरकत नसते. उकललेला मजकूर मात्र साध्या चिठ्ठीसारखा असतो, आणि संगणकाला चिठ्ठ्यांच्या नकला करून ठेवण्याची फार सवय आहे.

विंडोजमध्ये ‘डेस्कटॉप’ आणि ‘डॉक्युमेंट्स’ हे फोल्डर अनेकदा वनड्राइव्हला जोडलेले असतात, आणि उकललेली फाईल तेथे ठेवली की काही क्षणांत तिची प्रत दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाते. म्हणून अशा फाइलींसाठी या जोडणीबाहेरचा स्वतंत्र फोल्डर करावा आणि उकल करताना तोच निवडावा. नोटपॅडमधून मजकूर नक्कल केला आणि क्लिपबोर्डचा इतिहास चालू असला तर तो त्या इतिहासात राहतो. विंडोजची कळ आणि व्ही एकत्र दाबून पाहिले तर तेथे काय काय साठले आहे ते दिसते, आणि हा इतिहास दुसऱ्या उपकरणांशी जुळवून घेण्याची सोय चालू असेल तर मजकूर तेथेही पोहोचतो. ती सोय बंद करावी. वर्डमध्ये उघडलेल्या फाइलींच्या आपोआप जतन झालेल्या प्रती, ‘अलीकडच्या फाइली’ची यादी, शोधासाठी संगणकाने करून ठेवलेली सूची, या जागाही लक्षात ठेवाव्यात.

फाईल पुसली म्हणजे ती गेली असेही नाही. कचरापेटी रिकामी केल्यावरही डिस्कवरचा मजकूर लगेच नाहीसा होत नाही, आणि आजच्या एसएसडी डिस्कमध्ये तर ठरावीक जागेवर पुन्हा लिहून जुने खोडण्याची खात्री देता येत नाही, कारण कोणता भाग कोठे लिहायचा हे डिस्क स्वतः ठरवते आणि झीज सारखी व्हावी म्हणून जागा बदलत राहते. यावरचा खरा उपाय म्हणजे संपूर्ण डिस्कच कूटबद्ध ठेवणे. त्यासाठी विंडोजच्या काही आवृत्त्यांत बिटलॉकर, मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट आणि लिनक्सवर लुक्स असते; ज्यांच्या विंडोजमध्ये बिटलॉकर नाही त्यांना व्हेराक्रिप्ट मोफत मिळते. हे एकदा करून ठेवले की लॅपटॉप चोरीला गेला किंवा दुरुस्तीला दिला तरी बंद अवस्थेतल्या डिस्कमधून काही वाचता येत नाही. ज्यांचा मजकूर खरोखर जोखमीचा आहे त्यांनी टेल्स ही पेन ड्राइव्हवरून चालणारी प्रणाली पाहावी. तिच्यात क्लिओपात्रा आधीच असते, आणि संगणक बंद केला की, मुद्दाम जतन केलेले सोडून, काही मागे उरत नाही.

ईमेल प्रोग्रामचा जोडभाग मी आधी टाळायला सांगितला, त्याचे कारण हेच आहे. मे २०१८ मध्ये युरोपातील संशोधकांनी ‘ईफेल’ नावाने ओळखली जाणारी त्रुटी उघड केली. हल्लेखोर जुना कूटबद्ध गठ्ठा नव्या ईमेलमध्ये गुंफून पाठवत असे. ईमेल प्रोग्राम तो मुकाट्याने उकलत असे आणि चित्र आणण्याच्या निमित्ताने उकललेला मजकूर हल्लेखोराच्या सर्व्हरला पोचता करत असे. कूटलेखन मोडले नव्हते. उकल आणि इंटरनेट एकाच खिडकीत नांदत होते, तेथून मजकूर गळला. त्यानंतर दुरुस्त्या झाल्या आहेत, आणि रोज वीस-पंचवीस कूटबद्ध ईमेली येत असतील तर थंडरबर्डसारखा प्रोग्राम सोयीचा ठरतो. त्यात २०२० पासून ओपनपीजीपी अंगभूतच आहे. पण तो जीएनयूपीजीच्या किल्ल्या आपोआप उचलत नाही, खासगी किल्ली त्याच्यात वेगळी आणावी लागते, आणि ‘प्रायमरी पासवर्ड’ लावला नाही तर तिचे रक्षण नावापुरतेच उरते. महिन्यात दोन-चार संदेश येणाऱ्याने नोटपॅडवरच काम भागवावे.

भारतात राहणाऱ्यांनी कायद्याची एक बाजूही जाणून असावी. कूटलेखन वापरणे हा गुन्हा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ नुसार मात्र देशाची सुरक्षा किंवा गुन्ह्याचा तपास यांसारख्या ठरावीक कारणांसाठी अधिकृत आदेश निघाल्यास उकलीसाठी साहाय्य करावे लागते, आणि ते नाकारल्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. असा आदेश लेखी असतो. फोनवरून किल्ली किंवा पासफ्रेज मागणारा माणूस, तो स्वतःला कोणीही म्हणवो, तिचा अधिकारी नव्हे.

उत्तर देताना

आलेला संदेश सुरक्षित उघडून नंतर उत्तर देताना सगळे उघड करणे, ही चूक अनुभवी माणसांकडूनही होते. ईमेल प्रोग्रामात उकललेल्या संदेशावर ‘रिप्लाय’ दाबले की मूळ मजकूर खाली अवतरणासारखा येतो, आणि कूटबद्ध करण्याचे बटण दाबायचे राहिले तर तो संपूर्ण मजकूर उघडा प्रवास करतो. शिवाय विषयाची ओळ पुष्कळ प्रोग्रामांत कूटबद्ध होतच नाही, म्हणून तेथे ‘करारातील तिसऱ्या कलमाबाबत’ असे काही न लिहिता ‘आपले पत्र’ एवढेच लिहावे. उत्तर क्लिओपात्राच्या नोटपॅडमध्ये लिहावे, समोरच्याची सार्वजनिक किल्ली निवडावी, स्वतःच्या किल्लीपुढची खूण तशीच ठेवावी, सही जोडावी, कूटबद्ध करावे, आणि तयार झालेला गठ्ठा कोऱ्या ईमेलमध्ये चिकटवून पाठवावा. पाठवण्यापूर्वी पहिल्या ओळीत पाच रेघा दिसत आहेत ना, ते एकदा पाहून घ्यावे.